घरचा प्रोजेक्टर : शिक्के, झिणझिण्या आणि मुलांचे डोळे

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका ताईंनी साडेआठ हजारांचा छोटा अँड्रॉइड प्रोजेक्टर ऑनलाइन मागवला. खोक्यावर सीई, एफसीसी आणि आरओएचएस असे तीन शिक्के आहेत, बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, कुठेच दिसत नाही. घरात तीन वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. हॉलच्या पीओपीला तो टांगायचा विचार आहे आणि इलेक्ट्रिशियन म्हणतो, 'हलका आहे, लागून जाईल.' चालू असताना मागच्या एचडीएमआय केबलच्या तोंडाला बोट लागलं की झिणझिण्या येतात. दीर अमेरिकेहून येताना लेझर प्रोजेक्टर आणायला तयार आहेत, पण विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या वाचल्यापासून ताईंना लेझरचीच धास्ती बसली आहे. परत करायला चार दिवस उरलेत. ठेवू की परत करू?

मी पुण्यात एकोणीस वर्षं प्रोजेक्टर बसवतो आणि दुरुस्त करतो. आधी शाळा आणि ऑफिसं होती, गेली आठ-नऊ वर्षं बहुतेक घरंच. त्या अनुभवावरून लिहितो.

ताई, सगळ्यात आधी झिणझिण्यांचं. त्याचा उलगडा होईपर्यंत प्रोजेक्टर लावू नका आणि मुलांना त्याच्या केबल्सना हात लावू देऊ नका. बाकीचं वाचायला वेळ आहे, हे आज करा.

तुमचा प्रश्न शिक्क्यांबद्दल आहे, पण त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत. एक, ही वस्तू घरात वापरायला धोक्याची आहे का. दोन, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. शिक्के मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात. पहिल्याचं उत्तर वस्तूवर जेवढं अवलंबून आहे तेवढंच तुमच्या घरच्या अर्थिंगवर, छतावर, उन्हाळ्यावर आणि मुलं कुठे बसतात यावर आहे. उत्तम कंपनीचा, सगळे कागद असलेला प्रोजेक्टर चुकीच्या जागी बसवलेला मी पाहिला आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

झिणझिण्या का येतात ते समजून घ्या. प्रोजेक्टर असो, सेट-टॉप बॉक्स असो की लॅपटॉपचा अडॅप्टर, २३० व्होल्टचा कमी व्होल्टेजचा डीसी करणाऱ्या सर्किटमध्ये मेन्सची बाजू आणि बाहेरची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो. रेडिओ-टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून तो लागतो. त्यातून अगदी थोडा करंट बाहेरच्या धातूच्या भागापर्यंत येतो. तीन पिनांच्या वस्तूत तो अर्थिंगमधून निघून जातो. दोन पिनांच्या वस्तूला अर्थिंग नसतं, त्यामुळे तिथे किती गळती चालेल याची मर्यादा घातलेली आहे : आयटी वस्तूंच्या जुन्या मानकात ती पाव मिलिअँपिअर होती. तेवढा करंट ओल्या बोटाला जाणवू शकतो, पण जीव घेत नाही. म्हणजे झिणझिणी आली की लगेच वस्तू सदोष असं होत नाही. पण ती पाव मिलिअँपिअरची आहे की त्याहून जास्त, हे बोटाला कळत नाही. अडचण इथे आहे.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एचडीएमआयचं धातूचं तोंड दोन्ही वस्तूंना जोडतं. झिणझिण्या प्रोजेक्टरमधून येतात असं वाटतं आणि दोष निघतो सेट-टॉप बॉक्सचा. कोथरूडच्या एका घरी मी तीन तास प्रोजेक्टर तपासत बसलो होतो. शेवटी केबलवाल्याच्या बॉक्सची पिन काढली आणि टेस्टरचा दिवा विझला. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे : आधी सगळ्या केबल्स काढायच्या, प्रोजेक्टर एकटाच बोर्डाला लावायचा, एचडीएमआयच्या रिकाम्या तोंडाला टेस्टर टेकवायचा. मग एकेक वस्तू जोडत जायचं. टेस्टरचा दिवा मायक्रोअँपिअरवरसुद्धा लागतो, त्यामुळे दिवा लागला याचा अर्थ एवढाच की अर्थिंग पोचत नाही. धोका किती, ते मीटरने मोजावं लागतं. हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडून करून घ्या, स्वतः करू नका.

त्याच वेळी त्याला तुमच्या हॉलच्या तीन पिनांच्या सॉकेटचं अर्थिंग मोजायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन. सॉकेटला तिसरं भोक आहे, पण मागे तारच नाही, असं जुन्या घरांतच नव्हे, दहा वर्षांच्या सोसायट्यांमध्येही मी पाहतो. अशा ठिकाणी तीन पिनांचा चांगला प्रोजेक्टरसुद्धा झिणझिण्या देतो. तुमच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारं उपकरण, आहे का, तेही पाहा. बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. लहान मुलांच्या घरात हे उपकरण प्रोजेक्टरपेक्षा आधी यायला हवं, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

मात्र तुमच्या प्रोजेक्टरचा पुरवठा दोन पिनांचा असेल, एकटा लावूनही टेस्टर पेटत असेल आणि अडॅप्टरवर किंवा यंत्रामागच्या माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण नसेल, तर मापन करत बसू नका. परत करा.

असं ठाम सांगायला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी चिंचवडच्या एका घरातून असाच, नाव न ऐकलेल्या कंपनीचा प्रोजेक्टर माझ्याकडे आला. तक्रार एवढीच की करपल्याचा वास येतो. उघडला. आतल्या चांगल्या सर्किट बोर्डावर २३० व्होल्टची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटरची रिकामी पट्टी सोडलेली असते, कित्येकदा तिथे बोर्डच कापून फट ठेवतात. इथे ते अंतर जेमतेम दीड मिलिमीटर होतं आणि मधला बोर्ड चहाच्या डागासारखा तपकिरी झाला होता. दोन बाजूंना जोडणारा तो निळा कपॅसिटर साधा होता. तिथे वापरायच्या कपॅसिटरवर 'वाय' हे अक्षर आणि चाचणी संस्थांच्या खुणा बारीक छापलेल्या असतात, कारण तो बिघडला तर आतून तुटावा, जोडला जाऊ नये, अशी त्याची रचना असते. साध्या कपॅसिटरला तसं बंधन नाही. आणि जिथे फ्यूज हवा तिथे उघडी तार झाळून टाकलेली. त्या घरी तो प्रोजेक्टर आजोबांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर होता. मी तो दुरुस्त केला नाही. असा बोर्ड दुरुस्त होत नाही.

आता शिक्के. सीई म्हणजे 'हा माल युरोपच्या नियमांत बसतो' असं उत्पादकाने स्वतः केलेलं जाहीर विधान. त्यात विजेच्या सुरक्षेचा नियमही येतो, पण अशा वस्तूंसाठी कुणी सरकारी संस्था आधी तपासून तो शिक्का देत नाही. उत्पादक सांगतो आणि कागद आपल्याजवळ ठेवतो. 'सीई म्हणजे चायना एक्सपोर्ट' असा संदेश फिरतो, त्यात तथ्य नाही, तसा वेगळा अधिकृत शिक्काच नाही. खरा मुद्दा असा की युरोपात ज्याचा पत्ता नाही त्या कंपनीच्या विधानाला नागपुरात काय किंमत द्यायची. एफसीसी हा अमेरिकेचा शिक्का, तो रेडिओलहरींच्या त्रासाबद्दल बोलतो, शॉक लागेल की नाही याबद्दल नाही. आरओएचएस म्हणजे शिसं, पारा वगैरे घातक पदार्थांचं प्रमाण मर्यादेत आहे. तिन्ही खरे असले तरी तुमच्या झिणझिण्यांबद्दल शेवटचे दोन काहीच सांगत नाहीत.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला. २०१४ मध्ये त्याची यादी वाढली, तेव्हा आयटी आणि ऑडिओ-व्हिडिओ वस्तूंचे पॉवर अडॅप्टर त्यात आले. म्हणून प्रोजेक्टरचा पुरवठा बाहेरच्या अडॅप्टरवर असेल, तर त्या अडॅप्टरवर बीआयएसची खूण हवीच. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो : जुन्या मालावर आयएस १३२५२ भाग १ किंवा आयएस ६१६, नव्यावर आयएस/आयईसी ६२३६८-१ दिसेल. खाली 'आर' अक्षर, आडवी रेघ आणि आठ आकडे. प्रोजेक्टरला आतली बॅटरी असेल तर तिच्या सेलसाठी आयएस १६०४६ पाहा.

नुसता क्रमांक दिसला म्हणून थांबू नका. 'बीआयएस केअर' हे ॲप फोनवर घ्या आणि आर-क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव, ब्रँड आणि वस्तूचा प्रकार तिथे येतो आणि तो तुमच्या हातातल्या वस्तूशी जुळला पाहिजे. अडॅप्टरवरचा क्रमांक टाकला आणि नोंद निघाली भलत्याच कंपनीच्या पॉवर बँकेची, असं माझ्या टेबलावर झालेलं आहे. तो क्रमांक कुणाचा तरी उचलून छापलेला होता. पुरवठा आत असेल, बाहेर अडॅप्टर नसेल, तर विक्रेत्याला लेखी विचारा : या मॉडेलचा नोंदणी क्रमांक किंवा चाचणी अहवाल द्या. उत्तर काय येतं आणि कुणाच्या सहीने येतं, त्यावरून बरंच कळतं. वाय-फाय आणि ब्लूटूथसाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए ही वेगळी मान्यता लागते, तिचाही उल्लेख मागा.

त्यानंतर खोक्यावरचं साधं लेबल वाचा. पॅक केलेल्या वस्तूंचे २०११ चे वैधमापन नियम सांगतात की आयात मालावर आयातदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याची माहिती आणि मूळ देश वेबसाइटवरही दाखवावा लागतो. मी शिक्क्यांआधी हा पत्ता पाहतो. भारतातला पत्ता नसेल तर आग लागली, शॉक बसला, तर नोटीस पाठवायची कुणाला? तुमच्या खोक्यावर असा पत्ता नसेल, तर तेवढं कारण परत करायला पुरेसं आहे. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मुदतीच्या आत तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. परत पाठवण्याआधी पट्टीचे, अडॅप्टरचे, खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

उष्णतेचं थोडक्यात, पण नागपूरसाठी ते महत्त्वाचं आहे. बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं, काहींत ४०. मे महिन्यात तुमच्याकडे बाहेर ४५ असतं आणि वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये छताखालची हवा जमिनीजवळच्या हवेपेक्षा गरम असते. छताला टांगलेला प्रोजेक्टर नेमका त्याच हवेत असतो. चांगल्या यंत्रात तापमान वाढलं की आधी इशारा येतो, मग ते स्वतः बंद होतं. स्वस्त यंत्रात पंखा अडकला तरी दिवा चालूच राहिलेला मी पाहिला आहे. आधी चित्रात पिवळट डाग येतो, कारण आतली पोलरायझरची फिल्म भाजते. तो डाग म्हणजे इशारा समजा. कूलरच्या थेट झोतात प्रोजेक्टर ठेवू नका, ओलसर हवेबरोबर पाण्यातला क्षार आणि धूळ आत जाते. कोनाड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका, गादीवर तर अजिबात नको. हवा शिरते आणि निघते त्या बाजूंना पुस्तिकेत लिहिलेलं अंतर मोकळं सोडा. लिहिलेलं नसेल तर मी किमान हातभर सोडतो.

झिणझिण्यांचा उलगडा झाल्यावर, वापराच्या पहिल्या दिवशी तासभर चालवून, समोर बसून, अडॅप्टर आणि प्लगला हात लावून पाहा. अडॅप्टर कोमट होणारच. पण बटण बंद करून प्लग काढल्यावर त्याच्या पिना गरम लागत असतील तर सॉकेट सैल आहे आणि आग तिथून सुरू होते.

पीओपीला टांगायचं तर अजिबात नको. पीओपी किंवा जिप्समची पाटी स्वतःचं वजन कसंबसं पेलते. प्रोजेक्टर दीड किलोचा असला तरी स्टँड धरून तो दुप्पट होतो, आणि पंख्याची बारीक थरथर रोज तासन्‌तास स्क्रू सैल करत राहते. पीओपी कापून दांडा वरच्या आरसीसी स्लॅबपर्यंत न्यायचा आणि स्लॅबमध्ये लोखंडी अँकर फास्टनर बसवायचा. प्लास्टिकची गिट्टी छताला चालत नाही, भिंतीत ती आडवा भार घेते, छतात ती सरळ खाली निसटते. त्याशिवाय स्लॅबमधल्या दुसऱ्या हुकापासून प्रोजेक्टरच्या चौकटीपर्यंत पोलादी तारेचा एक सैल फास ठेवायचा. दांडा सुटला तरी यंत्र हवेत लटकतं, डोक्यावर येत नाही. बाजारात ही तार फार महाग नाही, पण मागितल्याशिवाय कुणी बसवत नाही. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर पावसाळ्यात त्या जागी स्लॅब पाझरतो का, ते आधी पाहा.

विजेचा पॉइंट पीओपीच्या खाली, दिसेल असा, आणि त्याचं बटण हाताच्या उंचीवर. पीओपीच्या आत एक्स्टेन्शन बोर्ड टाकून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड मी कित्येक घरांतून काढला आहे. तो जोड तापला तर कुणाला दिसत नाही आणि वर उंदीर असतात. एचडीएमआय आणि मेन्सची तार एकाच पाइपातून नेऊ देऊ नका.

आता डोळे. तुमची खरी काळजी ही आहे आणि माझीही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

मिरवणुकीतला लेझर आणि प्रोजेक्टरमधला लेझर यांत मोठा फरक आहे. मिरवणुकीत लेझरचा बारीक, एकवटलेला झोत थेट हवेत सोडतात. तो डोळ्यात शिरला की डोळ्याचं भिंग त्याला डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या एका टिंबात गोळा करतं आणि तेवढी जागा भाजते. गेल्या काही वर्षांत नाशिक-कोल्हापूरकडून आलेल्या बातम्या याच इजेच्या आहेत आणि त्या गांभीर्यानेच घ्यायला हव्यात. घरच्या लेझर प्रोजेक्टरमध्ये मात्र निळा लेझर बहुतेक वेळा आतल्या फॉस्फरच्या चाकावर पडतो. फॉस्फर त्याचा पसरट पिवळा प्रकाश करतो आणि उरलेला निळाही विखरून मगच बाहेर पडतो. भिंगातून येणारा प्रकाश दिव्याच्या प्रकाशासारखा पसरलेला असतो. तीन रंगांचे वेगळे लेझर वापरणारी यंत्रंही आहेत, त्यांतही प्रकाश विखरून, पसरून बाहेर येतो. म्हणून अशा यंत्राच्या पट्टीवर सहसा 'क्लास १ लेझर उत्पादन', म्हणजे लेझरचा सर्वांत सुरक्षित वर्ग, असं आढळतं आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशाची तपासणी दिव्यांच्या मानकाने होते. ते मानक आयईसी ६२४७१ चा पाचवा भाग, २०१५ चा.

त्यात प्रकाशाच्या धोक्याचे चार गट आहेत : शून्य, एक, दोन, तीन. गटाला इंग्रजीत रिस्क ग्रुप, म्हणून 'आरजी'. घरच्या बऱ्याचशा उजळ प्रोजेक्टरवर 'आरजी २' दिसेल. त्याचा अर्थ असा की झोत चुकून डोळ्यावर आला तर आपण पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान वळवतो आणि तेवढ्यात इजा होत नाही. टक लावून पाहिलं तर होऊ शकते. आरजी ३ घरासाठी नाहीच, तो मोठ्या सभागृहांचा माल. हे मोजमाप भिंगापासून १ मीटरवर करतात, म्हणजे त्याहून जवळ गेलं तर गटाचा तो आधार लागू पडत नाही.

सगळा हिशेब 'आपण डोळे मिटतो' यावर उभा आहे, आणि तीन वर्षांचं मूल नेहमी मिटत नाही. ते वाकून पाहतं. त्यात लहान मुलांच्या डोळ्याचं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं, निळा प्रकाश जास्त आत जाऊ देतं, आणि डोळ्याच्या पडद्याला रासायनिक इजा करण्यात ४३५-४४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळाच सर्वांत पुढे. म्हणून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आरजी २ प्रोजेक्टरच्या पुस्तिकांत स्पष्ट सूचना असते की मुलांवर लक्ष ठेवा आणि कितीही अंतरावरून त्यांना झोतात टक लावून पाहू देऊ नका. आणखी एक सूचना असते, जी मला फार व्यवहाराची वाटते : भिंगासमोर उभं राहून रिमोटने यंत्र चालू करू नका.

आणि हे फक्त लेझरचं नाही. तुमचा साडेआठ हजारांचा एलईडीवालाही याच मानकाखाली येतो. त्याच्यावर गट छापलेलाच नसेल, तर कुणी मोजलेलं आहे की नाही तेच कळत नाही. अशा यंत्राला मी आरजी २ समजूनच जागा देतो.

जागेचं असं. तीन वर्षांच्या मुलीची उंची साधारण ९५ सेंटिमीटर, म्हणजे डोळे ८५ च्या आसपास. सोफ्यासमोरच्या टीपॉयवर तीन-चार पुस्तकांच्या थप्पीवर ठेवलेल्या प्रोजेक्टरचं भिंग त्याहून थोडंच खाली येतं. घरोघरी मी नेमकं हेच पाहतो, आणि मूल पळत येऊन भिंगात डोळा लावतं, कारण आतून रंग दिसतात. लहान मुलं असलेल्या घरात टीपॉय ही सर्वांत वाईट जागा आहे. छताजवळ, सात-साडेसात फुटांवर, प्रेक्षकांच्या मागे बसवला तर भिंगाजवळ मूल पोचतच नाही. भिंतीजवळ झोताची खालची कड त्याच्या डोक्याला लागेल, पण तिथपर्यंत प्रकाश पुष्कळ पसरलेला असतो. सावल्यांचा खेळ मुलं करणारच, करू द्या, पण तोंड भिंतीकडे, पाठ प्रोजेक्टरकडे, एवढी एक सवय लावा. तुमचा सात वर्षांचा मुलगा हा नियम समजू शकेल आणि धाकटीला शिकवेलही.

दीर आणणार असतील तर त्यांना विचारा की यंत्र कुठल्या प्रकारचं आहे. सध्या भिंतीला चिकटून टीव्हीच्या कपाटावर ठेवायचे, अल्ट्रा शॉर्ट थ्रो म्हणतात ते, फार खपतात. त्यांचा झोत वरच्या बाजूला तिरका जातो. मागे एका घरी माझ्यासमोर मुलाचा चेंडू त्या कपाटावर गेला आणि तो घ्यायला मूल थेट काचेवर वाकलं. यंत्रात माणूस जवळ आल्याचं ओळखणारा सेन्सर होता, चित्र क्षणात मंद झालं. त्या घरच्यांनी तो सेन्सर 'मध्येच अंधार होतो' म्हणून सेटिंगमध्ये बंद करायला मला सांगितलं होतं. मी बंद केला नव्हता. तेव्हा असा प्रोजेक्टर आलाच तर हा सेन्सर आहे का ते आधी विचारा, तो कायम चालू ठेवा, आणि कपाट मुलीच्या आवाक्याबाहेर उंच घ्या किंवा समोरची दोन-अडीच फूट जागा अडवा.

अमेरिकेतल्या यंत्राच्या पट्टीवर काय पाहायचं : इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं हवं. नुसतं १२० असेल तर नको, ट्रान्सफॉर्मर लावून चालवायच्या भानगडीत पडू नका. लेझरच्या मजकुरात २१ सीएफआर १०४०.१० हा नियम आणि पुढे बहुतेक २०१९ ची लेझर नोटिस ५७ असा उल्लेख असतो, त्याच ओळीत आरजी २ लिहिलेलं असतं. तो मजकूर असेल तर तिथल्या एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाच्या, नियमांत बसत असल्याचं उत्पादकाने जाहीर केलेलं आहे. पॉवर कॉर्ड तिकडची वापरू नका, तिसरी पिन मोडून किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून तर नकोच. तीन पिनांची आयएसआय खुणेची कॉर्ड इथे विकत घ्या. वॉरंटी बहुधा इथे चालणार नाही, तो खर्च मनात धरूनच ठरवा.

जुना, पाऱ्याच्या दिव्याचा प्रोजेक्टर कुणी स्वस्तात देऊ केला तर वेगळी काळजी लागते. त्या दिव्यात चालू असताना दोनशे वातावरणांच्या आसपास दाब असतो. तो फुटला तर यंत्र बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांनी अर्धा तास खोलीबाहेर राहा आणि काचा व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, पारा हवेत पसरतो. लाइट वारंवार जाणाऱ्या घरात या दिव्याला थंड होण्याइतका बॅकअप हवाच. जळालेला दिवा कचऱ्यात टाकायचा नाही, सर्व्हिस सेंटरला किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्यायचा.

अँड्रॉइडबद्दलही एक सांगायला हवं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने घातक सॉफ्टवेअर शिरलेल्या यंत्रांच्या बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला होता, त्यात टीव्ही बॉक्सबरोबर डिजिटल प्रोजेक्टरचंही नाव होतं. काही यंत्रांत घातक सॉफ्टवेअर विक्रीआधीच असतं, काहींत ते अनधिकृत ॲप टाकताना शिरतं. म्हणून अनोळखी ब्रँडच्या प्रोजेक्टरमध्ये मी स्वतःचं जीमेल कधी टाकत नाही. एचडीएमआयला प्रमाणित स्ट्रीमिंग स्टिक लावायची, प्रोजेक्टरचं स्वतःचं वाय-फाय बंद ठेवायचं. 'सगळं फुकट दिसतं' म्हणून कुणी ॲप टाकून देत असेल तर टाकू देऊ नका.

तर तुमच्या चार दिवसांत असं करा. आज फोटो काढा आणि आर-क्रमांक, आयातदाराचा पत्ता शोधा. यांतलं एक जरी नसेल तर उद्याच परतीची मागणी नोंदवा, कारणात 'सुरक्षा नोंदणी किंवा आयातदाराचा तपशील नाही, वापरताना करंट जाणवतो' असं लिहा. दोन्ही असतील आणि ॲपवर जुळत असतील, तर परवाच्या आत वायरमनला बोलावून एकट्या प्रोजेक्टरची आणि सॉकेटची तपासणी करा. प्रोजेक्टर निर्दोष ठरला, झिणझिण्या सेट-टॉप बॉक्समधून किंवा अर्थिंग नसल्यामुळे निघाल्या, तर ठेवायला हरकत नाही, आधी अर्थिंग दुरुस्त करून आणि स्लॅबला टांगून. परत केलात आणि दिरांकडून लेझरवाला आणायचं ठरलं, तर तो मागवण्याआधी त्यांना मॉडेलच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा आणि इथे टाका. मी वाचून सांगतो.